मधले वीस फूट

६ जानेवारी २०२५, सोमवार

निवृत्तीनंतर चार वर्षांनी आज मला कुणीतरी म्हणालं, "सर, तुमची गरज आहे." म्हणणारा सत्यम काळोखे. कामशेतच्या अलीकडे हायवेला ट्रस्टचं जे रुग्णालय झालंय, तिथला पोटविकारांचा डॉक्टर. शिकत असताना दोन वर्षं माझ्या नर्सिंग होममध्ये होता. तेव्हा त्याला धड सलाइनची शीर सापडायची नाही. आता त्याच्या केबिनबाहेर चाळीस माणसं बसलेली असतात आणि माझ्या नर्सिंग होमच्या जागेत खाली चिक्कीचं दुकान आणि वर लॉज आहे.

काम असं आहे. एका नव्या कंपनीने कॅमेरा असलेली गोळी तयार केली आहे, मोठ्या कॅप्सूलएवढी. पेशंटने ती पाण्याबरोबर गिळायची. आतड्यातून ती आपली आपण सरकत जाते, वाटेत फोटो काढते, आणि ते कमरेच्या पट्ट्यात बांधलेल्या यंत्रात जमा होतात. आठ-नऊ तासांत पन्नास हजार फोटो. एक-दोन दिवसांत गोळी शौचावाटे पडून जाते. अशा गोळ्या पूर्वीपासून मिळतात. या कंपनीचं म्हणणं एवढंच की आमचं सॉफ्टवेअर ते सगळे फोटो स्वतः बघतं आणि संशयास्पद तेवढे वेगळे काढून ठेवतं, डॉक्टरने तासतासभर डोळे फोडायला नकोत. हे खरं की खोटं, ते तपासायचं. साठ पेशंट. प्रत्येक फिल्म एकदा मशिन बघणार, एकदा मी. उपचार माझ्या रिपोर्टवर. दोघांत फरक पडला तर तीन महिन्यांनी बैठक, आणि तिथे पुण्याचे एक तिसरे डॉक्टर निवाडा देणार.

म्हणजे मशिन बरोबर की चूक हे माझ्यावरून ठरायचं आहे. बरं वाटलं. उगाच खोटं कशाला लिहू?

या भागात जठर बघायची पहिली दुर्बीण मी आणली. वरून घातलेली नळी जठराच्या जरा पुढे जाते, खालून घातलेली मोठ्या आतड्याच्या टोकाशी थांबते. मधले वीस फूट तीस वर्षं मला दिसले नाहीत. त्या वीस फुटांत कुठेतरी रक्त झिरपत राहायचं, माणसं पांढरीफटक पडायची आणि मी लोहाच्या गोळ्या लिहून द्यायचो.

आजच्या बैठकीत कंपनीचा इंजिनिअर गौरव म्हणाला, "सर, मशिनला काही दिसलं आणि तुम्हाला नाही दिसलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवू या का?" मी साफ नाही म्हणालो. मशिनवर विश्वास ठेवायचा की नाही हेच तर बघायचं आहे. मग त्याच्या सांगण्यावर लोकांची पोटं फाडायची का? मशिनचं उत्तर बैठकीपर्यंत बंद लिफाफ्यात. सगळ्यांना पटलं. सत्यमने मानसुद्धा डोलावली.

घरी रतनला सांगितलं. ती म्हणाली, "घ्या काम, पण दुपारचं बसू नका." बायकोने इतक्या वर्षांत मला दिलेला हा पहिला वैद्यकीय सल्ला.

९ जानेवारी

पहिली फिल्म. एक तास वीस मिनिटं खुर्चीतून हललो नाही. आतड्याच्या आतला तो मखमली पृष्ठभाग, पाण्याखालच्या गवतासारखा हलणारा. पुस्तकातली चित्रं पाहिली होती, पण जिवंत, एका माणसाचं, आज सकाळचं! रतनला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, "छान आहे. कुणाचं आहे?" मी म्हणालो, नंबर एकचं. नावं मला देत नाहीत.

१८ जानेवारी

सहा फिल्म झाल्या. गौरव लॅपटॉप बघायला घरी आला होता. तिशीचा असेल. मला विचारतो, "सर, तुम्ही कुठल्या स्पीडला बघता?" मी म्हणालो, मला दिसतं त्या स्पीडला. तो म्हणाला, "सेकंदाला दहाच्या वर नको, सर. आणि सलग दोन फिल्म नको. लक्ष कमी होतं असं अभ्यासात दिसलंय."

मी त्याला सांगितलं की मी सलग सोळा तास उभं राहून ऑपरेशनं केली आहेत, पंच्याऐंशी साली वीज गेलेली असताना कंदिलाच्या उजेडात बाळंतपण केलं आहे. तो "हो सर" म्हणाला. या पोरांचं "हो सर" म्हणजे दार लावून घेतल्याचा आवाज असतो.

२७ जानेवारी

रतन म्हणते, लॅपटॉपसमोर मी घोरत होतो. मी डोळे मिटून विचार करत होतो. जठराच्या तोंडाशी एक फोटो होता, त्याचाच विचार चालला होता. तिला घोरणं आणि श्वास घेणं यांतला फरक कळत नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज रुग्णालयात गेलो. एक बाई संमतीच्या कागदावर सही करायला तयार होईना, म्हणून सत्यमने बोलावलं. त्याचं मराठी आता निम्मं इंग्रजी झालंय. गावच्या माणसांशी बोलायला अजून मीच लागतो.

बाईचं नाव बायडाबाई. वय पन्नासच्या आसपास. राहते लोहगडवाडीच्या खालच्या वस्तीवर. गडावर जाणाऱ्यांसाठी वाटेत ताक, लिंबूपाणी, पिठलं-भाकरीचा ठेला आहे. दोन वर्षं चढ चढताना धाप लागते, मधूनच शौचाला डांबरासारखं काळं होतं. तीनदा रक्त चढवलं. वरून-खालून दुर्बिणी घालून झाल्या, काही सापडलं नाही. म्हणजे मधले वीस फूट. बरोबर सून होती, निर्मला.

बायडाबाईने गोळी तळहातावर घेऊन उलटीपालटी केली.

"ही माज्या पोटात फोटू काढनार?"

"हो."

"आन् बगनार कोन?"

"एक मशिन बघेल. आणि मी बघीन. सगळेच्या सगळे."

"समदं दिसंल? परवाच्याला वालाची उसळ खाल्ली त्ये बी?"

"आत्या, गप बसा की," सून म्हणाली. पण ती स्वतःही हसत होती.

"मशिनचं ऱ्हाऊ द्या," बायडाबाई मला म्हणाली. "मशिन काय, बंद बी पडंल. तुमी बगनार न्हवं?"

मी बघणार, असं म्हणालो. मग तिने सावकाश, एकेक अक्षर जुळवत सही केली आणि गोळी घटकन गिळून टाकली.

येताना गाडीत मनात आलं, चाळीस वर्षांचं पुण्य म्हणतात ते हेच. लोक मशिनला विचारत नाहीत, मला विचारतात.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी कान्ह्याला साखरपुड्याला गेलो होतो. पंगत झकास, दोन वाट्या बासुंदी झाली. घरी आलो तेव्हा तीन वाजायला आले होते. एकविसावी फिल्म पाठवायची राहिली होती आणि सत्यमचे दोन निरोप येऊन गेलेले, म्हणून लगेच बसलो. स्पीड जरा वाढवला. वीस फिल्म बघितल्यावर नजर तयार होते. गायकाला जसा सूर कळतो तसं आतडं निरोगी की नाही ते लांबूनच कळतं.

फिल्म संपली तेव्हा पाहिलं तर रतनने ठेवलेल्या चहावर साय धरली होती. इतका गुंगून गेलो होतो.

स्वच्छ फिल्म. कुठे काही नाही. 'नॉर्मल' असा रिपोर्ट पाचच्या आत पाठवला.

२ मार्च

गौरवचा फोन. इकडचं-तिकडचं बोलला. मग म्हणाला, "सर, लिफाफ्याच्या नियमात एक छोटा बदल करता येईल का? काही विशिष्ट केसमध्ये फरक लगेच कळवायचा."

मी विचारलं, कुठली विशिष्ट केस?

"तसं सांगता येणार नाही, सर. जनरल म्हणतोय."

मी चिडलोच. कंपनीला घाई आहे. आपलं मशिन किती हुशार आहे हे बैठकीआधीच डॉक्टरांच्या कानावर घालायचंय. नियम म्हणजे नियम, असं त्याला सांगितलं. तो "हो सर" म्हणाला.

फोन ठेवल्यावर रतनने विचारलं, "काय म्हणत होता?" मी म्हणालो, धंदा.

२३ मार्च, रविवार

सत्यमचा फोन दुपारी आला. बायडाबाई ठेल्यावर भाकऱ्या थापता थापता कोसळली. तोंडातून नाही, खालून रक्त. गडावर आलेल्या कुणा पुणेकरांनी आपल्या गाडीत घालून मळवलीवरून खाली आणली. रुग्णालयात पोचली तेव्हा नाडी लागत नव्हती. रक्त देत देतच पोट उघडलं. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात लिंबाएवढी गाठ, तिच्यावर जखम, जखमेतून धार. दीड फूट आतडं कापलं. जिवंत आहे. श्वास मशिनवर.

"सर, तिच्या, म्हणजे एकविसाव्या फिल्ममध्ये काहीच नव्हतं ना?" सत्यमने विचारलं.

"नव्हतं," मी म्हणालो. "असतं तर लिहिलं नसतं का?"

२५ मार्च

लिफाफा उघडला. एवढं झाल्यावर उघडावाच लागतो, तसा नियमच आहे. मशिनने एकविसाव्या फिल्ममधून नऊ फोटो वेगळे काढले होते. नवांपैकी सहा फोटोंत ती गाठ. गुळगुळीत फुगवटा, वर मधोमध काळसर खड्डा. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही दिसेल.

सत्यमसमोर मी म्हणालो, "घडी असल्यासारखं वाटतं. फसवं आहे." तो स्क्रीनकडे बघत राहिला.

हे लिहिताना मी ती फिल्म पुन्हा आठवून बघतोय. इतर फिल्मची मला काही ना काही खूण आठवते. आठवीत एक जंत होता. तेरावीत डाळिंबाचे दाणे. एकविसावीत काय होतं?

काही आठवत नाही. गोळी जठरातून बाहेर पडली तेवढं आठवतं, आणि साय धरलेला चहा.

२८ मार्च

रतनला विचारलं. तीन दिवस विचारायचं टाळत होतो.

"त्या दिवशी मी कान्ह्याहून आलो. फिल्म लावली. तू चहा आणलास. तेव्हा मी काय करत होतो?"

ती मेथी निवडत होती. हात थांबवला नाही. "तुमची मान खांद्यावर पडली होती. तोंड उघडं होतं. स्क्रीनवर चित्रं पळत होती."

"मग उठवलं का नाहीस?"

"मागे एकदा मी म्हणाले होते, घोरत होतात, तर चार दिवस बोलला नाहीत माझ्याशी." मग म्हणाली, "मला वाटलं, उठल्यावर परत बघाल."

तिच्यावर रागवायचा प्रयत्न करून पाहिला. जमलं नाही.

३ एप्रिल

गौरव आला. येताना तोंड पाडून आला होता, पण बोलायला लागल्यावर खुलत गेला.

"सर, वाईट वाटून घेऊ नका. अनुभवी डॉक्टरच्या नजरेतूनही निसटलेली गाठ आमच्या सिस्टीमने पकडली. आमच्या पूर्ण अभ्यासात ही सगळ्यात महत्त्वाची केस ठरणार आहे."

"तू दोन मार्चला फोन केला होतास," मी म्हणालो.

तो पाणी प्यायला. "मी सांगू शकत नव्हतो. तुम्हीच..."

"हो. मीच."

 मग मी विचारलं, "मी फिल्म कशी बघितली याची नोंद तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये राहते का?"

"राहते. स्पीड, किती वेळा थांबवलं, मागे घेतलं. सगळं."

"एकविसावीची नोंद पाहिलीस?"

त्याने माझ्या नजरेला नजर दिली नाही. "अडतीस मिनिटं. सलग. एकदाही पॉज नाही, सर." आणि घाईघाईने पुढे, "पण ती नोंद कुणी मागितली तरच देतो आम्ही. कुणी मागणार नाही. तुमचा अनुभव बघता प्रश्नच येत नाही."

तर असं आहे. मी झोपलो होतो हे कळलं तर माझा रिपोर्ट रद्द, आणि कंपनीची लाडकी केस बाद. मी गप्प बसलो तर मी 'अनुभवी डॉक्टर, ज्याच्याही नजरेतून निसटली.' माझी अब्रू आणि त्यांचा धंदा एकाच गाठोड्यात बांधलेत. गाठ सोडायची कुणालाच घाई नाही.

जाताना तो माझ्या पाया पडला. मी पाय मागे घेतले नाहीत, याची आत्ता लाज वाटते.

८ एप्रिल

रुग्णालयात गेलो. बायडाबाई अतिदक्षता विभागात, श्वासाची नळी काढली आहे, पण छाती भरली आहे. मला ओळखलं की नाही कळलं नाही. बाहेर निर्मला भिंतीला टेकून उकिडवी बसली होती. मला बघून उठली.

"मधी काळं झालतं का शौचाला?" मी विचारलं.

"झालतं. दोनदा. म्या म्हनलं, आत्या, दवाखान्यात जाऊ. तर म्हनल्या, कशापायी? त्या म्हाताऱ्या डाक्टरांनी आतून समदं बगितलंय, काय न्हाई म्हून सांगिटलंय. लोखंडाच्या गोळ्यांनी काळं व्हतंय." तिने पदराने नाक पुसलं. "मंग परत पान्याचं हंडं वर चढवाया लागल्या."

मी 'नॉर्मल' लिहिलं नसतं, काहीच लिहिलं नसतं, तरी ती वेळेवर आली असती. आजारापेक्षा माझ्या शब्दाने तिला जास्त फसवलं. हे वाक्य मी तीनदा खोडून चौथ्यांदा लिहिलंय.

निर्मलाला काही सांगितलं नाही. "बरी होतील," म्हणालो. आणखी एक नॉर्मल रिपोर्ट.

१४ एप्रिल, सोमवार

सकाळी आठ वाजता बसून अभ्यासावर देखरेख करणाऱ्या रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीला पत्र लिहिलं. पहिल्या मसुद्यात 'क्षणभर डुलकी लागली असावी' असं होतं. रतनने वाचलं आणि परत दिलं. "क्षणभर?"

दुसरं पत्र पाच ओळींचं. १४ फेब्रुवारीला एकविसाव्या फिल्मच्या वेळी मी झोपलो होतो. फिल्म न बघता रिपोर्ट दिला. मशिनचं उत्तर लगेच कळवू नये हा आग्रह माझा होता. नोंद कंपनीकडे आहे, ती मागवावी. मी बघितलेल्या सगळ्या चौतीस फिल्म दुसऱ्या कुणाकडून पुन्हा बघून घ्याव्यात.

सही करून लगेच पाठवलं. 

संध्याकाळी सत्यमचा फोन. "सर, हे कशाला? बाई वाचलीय." म्हणजे काळजी माझी की रुग्णालयाची ते त्याच्या आवाजावरून कळेना. त्याचं त्यालाही कळत नसावं.

२ मे

कमिटीचं उत्तर आलं. इंग्रजीत, अतिशय सभ्य. प्रांजळपणाबद्दल आभार. एकविसावी केस अभ्यासातून वगळण्यात आली आहे. माझ्या जागी दुसऱ्या डॉक्टरांची नेमणूक झाली आहे. उरलेल्या तेहतीस फिल्मबाबत कोणतीही तक्रार नसल्यामुळे त्या पुन्हा बघण्याची आवश्यकता कमिटीला वाटत नाही.

म्हणजे बायडाबाई आता अभ्यासात नाहीच. तिने गोळी गिळली नाही, तिला गाठ नव्हती, तिचं दीड फूट आतडं कुणी कापलं नाही. आणि मी खोटा ठरलो तो फक्त एका दुपारपुरता. बाकीचे तेहतीस दिवस मी अजूनही प्रमाण आहे.

दुपारी गौरव लॅपटॉप घेऊन गेला. "हो सर" एवढंही म्हणाला नाही. त्यांची लाडकी केस मी घालवली. त्या पोराला मी दोष देत नाही असं लिहायला बसलो होतो, पण देतो. दोन मार्चला त्याला ठाऊक होतं. नियमाआड तोही लपला, मीही लपलो, आणि नियम मी केला होता.

१३ मे, मंगळवार

लोहगडवाडीला गेलो. शनिवार-रविवारची गर्दी नको म्हणून आज. रतन येते म्हणाली, मी एकटाच गेलो.

ठेला निर्मला चालवत होती. मागे करवंदीच्या सावलीत बाजेवर बायडाबाई. निम्मी झाली आहे. मनगटं काटक्यांसारखी. पण डोळे तेच.

"या डाक्टर," म्हणाली. "निर्मले, ताक दे."

मी ताकाला हात लावला नाही. बाजेसमोरच्या दगडावर बसलो आणि सांगितलं. घरून ठरवून आलो होतो तसं नाही सांगता आलं.

"बायडाबाई, मी तुमचे फोटो बघितलेच नाहीत. बघायला बसलो आणि मला झोप लागली. उठलो आणि लिहून दिलं की काही नाही. मशिनला तुमची गाठ दिसली होती. ते कुणाला सांगता आलं नाही, कारण तसा नियम मीच केला होता."

निर्मलाच्या हातातला तांब्या तिथेच थांबला. बायडाबाई माझ्याकडे बघत राहिली.

"झोप लागली?"

"हो."

"दिसाची?"

"दुपारी. जेवण जास्त झालं होतं."

तिने तोंड गडाच्या बाजूला फिरवलं. वरून कुणी पोरं ओरडत उतरत होती.

निर्मलाच बोलली. "त्या दिशी पिठावानी पांढऱ्या पडल्यावत्या आत्या. गाडीत माज्या मांडीवर डोस्कं व्हतं. म्या समजले, गेल्या." तिचा आवाज चढला. "आन् आता तुमी हितं येऊन सांगताय. आमी काय करायचं याचं? तुमाला हलकं वाटावं म्हून आलाय तुमी."

"असेल," मी म्हणालो. खरंच असेल. "पण तुम्हाला ठाऊक असायला हवं. तक्रार करायची असेल तर माझं पत्र आहे, त्याची प्रत आणलीय. त्यात मीच लिहून दिलंय."

तिने कागद घेतला, घडी न उघडता कमरेला खोचला. तक्रार करतील की नाही ते तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

मी उठलो तेव्हा बायडाबाई म्हणाली, "डाक्टर, त्या दिशी माज्यासंगट बाकड्यावर आनखी चार जन व्हते पट्टं बांधल्याले. एक ढालेवाडीचं पोरगं, एक म्हातारा. त्येंचं बी तुमीच बगितलं?"

"मीच."

"जागं व्हता?"

  सत्तावीस जानेवारीला रतन म्हणाली होती की मी घोरत होतो. त्या दिवशीची फिल्म कितवी होती? आणि ज्या दिवशी रतन खोलीत आलीच नाही, त्या दिवसांचं काय?

"मंग त्ये बगा आदी," ती म्हणाली आणि कुशीवर वळली. मला 'या' असं कुणी म्हटलं नाही. 

१५ मे

सत्यमच्या केबिनबाहेर दीड तास बसलो, पेशंटांच्या रांगेत. आत गेल्यावर सांगितलं, तेहतीस फिल्म बघायच्या आहेत.

"कमिटीने नाही म्हटलंय, सर."

"अभ्यासासाठी नाही म्हटलंय. ते तुझे पेशंट आहेत. त्यांच्या फिल्म तुझ्याकडे आहेत. डॉक्टरने आपल्या पेशंटचे फोटो बघायला कुणाची परवानगी लागते?"

त्याने चष्मा काढून डोळे चोळले. थकलेला दिसला. चाळीस माणसं बाहेर बसलेला माणूस इतका थकलेला असेल असं मला वाटलं नव्हतं.

"तुम्ही बघणार?"

"नाही. तू बघायचंस. मी शेजारी बसेन."

"कशाला?"

"तुला झोप लागली तर उठवायला."

तो हसला नाही. म्हणाला, "सकाळी सात ते साडेआठ. ओपीडीच्या आधी. रोज एक."

३० मे, शुक्रवार

पहाटे पाचला उठतो, सातच्या आत कामशेत गाठतो. सत्यम सेकंदाला दहाच्या स्पीडला बघतो, संशय आला की थांबवतो, मागे घेतो. मला वाटलं होतं त्याच्यापेक्षा मला आधी दिसेल. दोनदा त्याला आधी दिसलं, एकदा मला. मशिनचे लिफाफेही आता त्याने उघडलेत. मशिनने काढलेल्या फोटोंत निम्मे नुसतेच बुडबुडे. म्हणजे मशिनही काही देव नाही. याचा मला पूर्वी आनंद झाला असता.

आज बारावी फिल्म बघत होतो, नोंदणीत चौदा नंबर. छप्पन्नाव्या मिनिटाला सत्यमचा हात थांबला. माझाही टेबलावर आपटला. आतड्याच्या शेवटच्या टप्प्यात, एकापाठोपाठ एक, कातडी सोलल्यासारखे तीन व्रण, आणि तिसऱ्याशी वाट अरुंद झालेली. क्षयाचे असतील. मशिनने त्यांतला एकही काढला नव्हता. माझ्या रिपोर्टात होतं, नॉर्मल.

त्या दिवशी मी झोपलो होतो की जागा होतो, हे मला सांगता येत नाही. जागा असून दिसलं नसेल तर ते झोपेपेक्षा वाईट. ते आता कधीच कळणार नाही.

सत्यमने नोंदणीचं पान काढलं. चौदा नंबर म्हणजे गेणू, वय एकोणतीस, पवनानगर, धरणात मासेमारी. जानेवारीनंतर तपासायला आलेला नाही. का येईल? त्याला काही झालेलं नाही असं आम्ही लिहून दिलंय.

"मी फोन करतो," सत्यम म्हणाला.

"नाही. मला दे."

पहिल्यांदा लागला नाही. दुसऱ्यांदा वाजून वाजून बंद झाला. बाहेर ओपीडीची माणसं जमायला लागली होती, नर्स दोनदा डोकावून गेली. तिसऱ्यांदा एका बाईने उचलला. मागे वारा आणि पाण्याचा आवाज.

"गेणू आहेत का?"

"हाईत. पर पडून हाईत, दोन दिस झालं उलट्या व्हत्यात. कोन बोलतंय?"

मी नाव सांगितलं. म्हणालो, त्यांना आजच घेऊन या, आत्ता, मिळेल त्या जीपने. खायला-प्यायला काही देऊ नका.

"पर डाक्टरांनी तर सांगिटलं व्हतं, काय न्हाई म्हून."

"तो डॉक्टर मीच," मी म्हणालो. "माझं चुकलं होतं."

पलीकडे ती कुणाला तरी हाका मारत पळाली. फोन तसाच चालू राहिला.